साक्षीदाराचा पिंजरा आणि ख्रिस्ती विवाह

विवाहाला साक्षीदार लागतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. वेदीसमोर वधूवरांनी एकमेकांना वचन दिले, की चर्चच्या नोंदवहीत सह्या होतात. त्यांच्या सह्यांखाली दोघा साक्षीदारांच्या सह्या पडतात, छायाचित्रकार तो क्षण टिपतो आणि मंडळी जेवणाच्या मांडवाकडे वळतात. त्या सहीने आपण नेमके काय पत्करले, याचा विचार साक्षीदार पुन्हा क्वचितच करतो. परंतु काही घरांवर अशी वेळ येते, की त्याच विवाहासंबंधी दुसऱ्यांदा साक्ष द्यावी लागते. या खेपेस ती वेदीसमोर नसते, न्यायालयाच्या पिंजऱ्यात असते. मुलीच्या भावाला, मामाला, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीला, कधी धर्मग्रामाच्या फादरांना समन्स येते आणि घरात एकदम शांतता पसरते. ‘आपल्याला कशाला ती कोर्टाची भानगड?’ हा आपल्या समाजातला पहिला उद्गार. त्यामागे भीती आहे, भिडस्तपणा आहे आणि ‘कुणाचा संसार मोडल्याचे पाप आपल्या माथी नको’ ही भाबडी श्रद्धाही आहे. या उद्गाराची किंमत आजवर कोणी मोजली, हे पाहण्यासाठी आम्हांस थोडे मागे जावे लागेल.

बायबलमधील विवाहविषयक साक्षीची कथा आपल्या परिचयाची आहे. दानिएलच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सुसान्ना या पतिव्रतेवर दोन वडीलधारी न्यायाधीश व्यभिचाराचा आळ घेतात. नियमशास्त्राप्रमाणे दोघांची साक्ष जुळली, की गुन्हा शाबीत. लोकसभा तिला मृत्युदंड ठोठावते. तेव्हा तरुण दानिएल त्या दोघांना एकमेकांपासून दूर करतो आणि प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली पाहिलेस? उत्तरे जुळत नाहीत आणि निर्दोष स्त्री वाचते. आपल्या प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हा अध्याय मूळ ग्रंथात धरलेला नाही. साक्षीदारांना एकत्र न बसवता एकेकाला स्वतंत्र विचारावे, हा नियम आजही चर्चच्या कायद्यात आहे. साक्षीदारांची संख्या पुरेशी असली म्हणजे सत्य हाती लागले असे नव्हे, हे त्या कथेने फार लवकर सांगून ठेवले.

पुढे कित्येक शतके चर्चपुढे याच्या नेमका उलटा प्रश्न उभा होता. साक्षीदारच नसत. वधूवरांची परस्परसंमती हाच विवाहाचा गाभा, ही चर्चची शिकवण. त्यामुळे मध्ययुगीन युरोपात कोणी दोघांनी एखाद्या बागेत किंवा बंद दाराआड एकमेकांना ‘मी तुला पत्नी करतो’, ‘मी तुला पती करते’ असे म्हटले, तरी तो विवाह वैध ठरे. मग त्यातला एक जण उलटे. ‘असे काही घडलेच नाही’ म्हणून दुसरीशी चारचौघांत लग्न लावी. धर्मन्यायालयापुढे पुरावा येई तो दुसऱ्या लग्नाचा. पहिलीचे खरे असूनही तिच्या बाजूने बोलणारे कोणी नसे. या अनर्थाला आळा घालण्यासाठी त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ च्या नोव्हेंबरात ‘तामेत्सी’ या नावाने ओळखला जाणारा हुकूम काढला : विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर आणि किमान दोन साक्षीदारांसमोर व्हावा आणि त्याची नोंद वहीत ठेवावी. पोर्तुगालने त्रेंतचे निर्णय लगोलग स्वीकारले आणि १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने ते इकडे आणले. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होती, तेव्हा आपल्या पूर्वजांच्या विवाहांनाही हाच नियम लागू झाला. जगातल्या कित्येक भागांत तो पोहोचायला विसावे शतक उजाडले. १९०७ च्या ‘ने तेमेरे’ या हुकमाने तो जवळजवळ सर्वत्र लागू केला. सांगायचे इतकेच, की नोंदवहीतल्या त्या दोन सह्या शोभेसाठी आलेल्या नाहीत. ज्या स्त्रियांचे खरे असूनही कोणी मानले नाही, त्यांच्यासाठी त्या आल्या.

विवाह मुळातच रद्दबातल होता काय, हे तपासणाऱ्या धर्मन्यायालयांतही साक्षीचा प्रश्न बिकटच. पतिपत्नी दोघेही संगनमत करून खोटे बोलले तर? या शंकेपोटी पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ मध्ये प्रत्येक धर्मप्रांतात ‘विवाहबंधनाचा रक्षक’ नेमण्याचा आदेश दिला. विवाह वैध आहे, ही बाजू मांडणे हेच त्याचे काम. दोन न्यायालयांचे निकाल जुळल्याशिवाय कोणीही पुन्हा लग्न करू नये, असाही दंडक त्यांनी घातला. तो २०१५ पर्यंत चालला. याहून जुनी आणि आम्हांला विशेष भावलेली प्रथा ‘सप्तहस्ता’ची. पतिपत्नींमध्ये शरीरसंबंध घडलाच नाही, असा दावा असे तेव्हा बाहेरचा कोणता साक्षीदार काय सांगणार? अशा वेळी प्रत्येक बाजूने सात नातलग किंवा शेजारी पुढे येत. ते घटनेविषयी काहीच सांगत नसत. ‘हा माणूस खोटे बोलणारा नाही’, एवढेच ते शपथेवर सांगत. १९१७ च्या धर्मविधिसंहितेतही ही तरतूद होती.

आता आपल्या देशाच्या कायद्याकडे वळू. त्याचे मूळ लंडनमध्ये आहे. १८५७ पर्यंत इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करवून घ्यावा लागे. हे धनिकांनाच परवडे. १८५७ च्या कायद्याने घटस्फोटाचे न्यायालय स्थापन झाले आणि पूर्वी धर्मन्यायालयात बंद खोलीत लिहून घेतल्या जाणाऱ्या जबान्या उघड्या न्यायालयात, तोंडी आणि वार्ताहरांसमक्ष होऊ लागल्या. वृत्तपत्रांनी त्या रकानेच्या रकाने छापल्या; व्हिक्टोरिया राणीला हा मजकूर इतका असह्य झाला, की १८५९ मध्ये तिने खुद्द आपल्या लॉर्ड चॅन्सेलरकडे तक्रार केली.

या न्यायालयाची खरी गंमत (गंमत म्हणावे की विटंबना, वाचकांनी ठरवावे) अशी, की ज्या दोघांचा संसार मोडत होता, त्यांना व्यभिचाराविषयी साक्ष देण्यास कायद्याने मज्जाव होता. स्वतःच्या लाभाची बाब असली की माणूस खोटे बोलणारच, असे जुने गृहीतक. सामान्य दिवाण्यांतून ते १८५१ आणि १८५३ च्या सुधारणांनी गेले. पण व्यभिचाराचे खटले मुद्दाम वगळले गेले. परिणाम काय? घरात काय घडले ते पती सांगू शकत नाही, पत्नी सांगू शकत नाही, म्हणून सांगणार कोण? मोलकरीण, स्वयंपाकी, गाडीवान. ज्यांना त्या घरच्या मेजावर जागा नव्हती, त्यांच्या शब्दावर ते घर टिकणार की मोडणार हे ठरू लागले. रॉबिन्सन विरुद्ध रॉबिन्सन हा १८५८ चा खटला या संदर्भात विख्यात आहे. हेन्री रॉबिन्सन याने पत्नी इझाबेला हिची खाजगी दैनंदिनी न्यायालयापुढे ठेवली. तीत डॉक्टर एडवर्ड लेन यांच्यावरील तिच्या प्रेमाचे वर्णन होते. इझाबेलाला स्वतः बोलता येईना. डॉक्टर सहप्रतिवादी म्हणून त्यांनाही बोलता येईना! अखेर खटला चालू असतानाच कायद्यात दुरुस्ती झाली, डॉक्टरांना दाव्यातून मोकळे करण्यात आले आणि मग त्यांनी साक्ष देऊन सर्व नाकारले. १८५९ मध्ये नवऱ्याचा अर्ज फेटाळला गेला. सर्व इंग्लंडने इझाबेलाच्या मनातले वाचले, पण तिचे म्हणणे कोणी ऐकले नाही.

हाच साचा घेऊन, सर हेन्री मेन हे हिंदुस्थान सरकारचे विधिसदस्य असताना, १८६९ चा ‘इंडियन डायव्होर्स अॅक्ट’ तयार झाला. तो ख्रिस्ती विवाहांना लागू. त्याच्या दहाव्या कलमान्वये पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीचा केवळ व्यभिचार पुरेसा नव्हता. त्याच्या जोडीला क्रौर्य, किंवा दोन वर्षांचा परित्याग, किंवा द्विभार्यत्व, किंवा निषिद्ध नात्यातला संबंध असे आणखी काही तिने सिद्ध करायचे. बावन्नाव्या कलमाने पत्नीच्या अर्जात पतिपत्नींना क्रौर्य व परित्याग यांविषयी साक्ष देण्याची मुभा दिली. म्हणजे इंग्लंडमधील १८५९ ची तरतूद जशीच्या तशी. योगायोग असा, की त्याच १८६९ साली, थोड्याच महिन्यांनी, खुद्द इंग्लंडने व्यभिचाराच्या खटल्यातही पतिपत्नींना बोलण्याची मोकळीक दिली. आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या १२० व्या कलमाने सर्वच दिवाणी दाव्यांत पक्षकार आणि त्यांचे पतिपत्नी सक्षम साक्षीदार ठरले, आणि तो अडसर गेला. राहिला तो दहाव्या कलमाचा, आणि तो तब्बल १३२ वर्षे राहिला.

त्या कलमाचा अर्थ साक्षीच्या भाषेत लावून पाहावा. दारू पिऊन दहा वर्षे मारझोड सोसणाऱ्या स्त्रीजवळ क्रौर्याच्या पुराव्याला तोटा नसे. आरडाओरडा शेजारी ऐकतात, दवाखान्याचा कागद असतो, माहेरच्यांनी वळ पाहिलेले असतात. पण कायद्याने हा सारा पुरावा अर्धाच धरला. उरलेला अर्धा व्यभिचाराचा. आणि व्यभिचार कोणी साक्षीदार ठेवून करीत नाही. न्यायालये परिस्थितीवरून अनुमान काढण्यास तयार असत, पण तेवढी परिस्थिती तरी कोणीतरी पिंजऱ्यात उभे राहून सांगायला हवी ना? थोडक्यात, जी साक्ष खरी होती ती निरुपयोगी, आणि जी उपयोगी होती ती मिळणे दुष्कर. ज्या स्त्रीचा पती नुसताच क्रूर होता, व्यभिचारी नव्हता, तिच्यापुढे कायद्याने दोनच वाटा ठेवल्या : सोसत राहणे, किंवा एखाद्या तिऱ्हाईत बाईचे नाव गोवून खोटे बोलणे. सत्याची शपथ घ्यायला लावणाऱ्या कायद्यानेच असत्याला इतके मोठे आमिष दाखवावे, याहून मोठा विरोधाभास आम्हांस आढळत नाही. बाविसाव्या कलमान्वये नुसत्या क्रौर्यावरून न्यायिक विभक्तता मिळत असे, हे न्यायाच्या दृष्टीने नमूद केले पाहिजे. ती विवाहबंधन कायम ठेवणारी असल्याने कॅथोलिक शिकवणीलाही मानवणारी. पण तिचा आधार फारशा स्त्रियांना माहीतच नसे.

त्यात उलटतपासणी. अश्लील किंवा बदनामीकारक प्रश्न न्यायालयाने रोखावेत, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात होती. मात्र प्रश्न वादविषयाशीच निगडित असेल तर तो रोखता येत नसे. घटस्फोटाच्या खटल्यात वादविषयच शयनगृहातला! तेव्हा संरक्षण ज्या ठिकाणी सर्वाधिक हवे, नेमके त्याच ठिकाणी ते गळून पडे. कामकाज बंद दाराआड चालविण्याचा अधिकार त्रेपन्नाव्या कलमाने न्यायाधीशांना होता, तरी तो त्यांच्या मर्जीवर. एवढे करून जिल्हा न्यायालयाने हुकूमनामा दिलाच, तर तो उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. इतर कोणत्याही समाजाच्या स्त्रीला हे दिव्य करावे लागत नव्हते.

सुधारणेच्या शिफारशी नव्हत्या असे नाही. १९८३ मध्ये विधि आयोगाने आपला नव्वदावा अहवाल केवळ या एका कलमावर लिहिला. तो तसाच पडून राहिला. शेवटी बायकाच न्यायालयात गेल्या. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दहाव्या कलमातील व्यभिचाराची जोड घटनाबाह्य ठरवून काढून टाकली आणि नुसते क्रौर्य, नुसता परित्याग ही कारणे पत्नीला खुली झाली; १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही त्याच दिशेने निर्णय दिला. १९९० च्या दशकात निरनिराळ्या चर्चेस आणि ख्रिस्ती महिला संघटना यांनी एकत्र बसून नव्या कायद्याचे मसुदे केले, सरकारदरबारी खेटे घातले. २००१ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. स्त्रीपुरुषांना समान कारणे मिळाली, तीन न्यायमूर्तींची मोहर गेली, परसंमतीने घटस्फोटाची वाट उघडली, आणि पत्नीच्या जाराकडून पतीने नुकसानभरपाई मागण्याचे कलमही गेले. त्या कलमात पत्नी ही जणू पतीची मिळकत होती. चर्चच्या दृष्टीने वैध संस्काराचे बंधन कोणत्याही सरकारी हुकमाने तुटत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. तरीही मुलांचा सांभाळ, पोटगी, वारसाहक्क यांच्या रक्षणासाठी दुसरा मार्गच नसेल तर दिवाणी घटस्फोट सहन केला जाऊ शकतो, असे कॅथोलिक श्रद्धाग्रंथ स्पष्टपणे सांगतो. धर्मग्रामातील कुजबुजीला मात्र हे वाक्य बहुधा माहीत नसते.

१९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालये आली. महाराष्ट्रात पुण्यात आणि मुंबईत, वांद्र्याला, ती १९८९ मध्ये सुरू झाली. येथे पुराव्याचे काटेकोर नियम सैल केलेले आहेत. वाद निकालात काढण्यास जे साहाय्यभूत वाटेल ते न्यायाधीश पाहू शकतात. साक्षीदाराचा शब्दन्‌शब्द टिपण्याऐवजी सारांश नोंदवला तरी चालतो. वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाच्या परवानगीने मिळतो. आणि दोहोंपैकी एका पक्षाने मागितले तर कामकाज बंद दाराआड चालवणे बंधनकारक आहे. सरतपासणी आता बहुतेक प्रतिज्ञापत्रावरच होते, उलटतपासणी तेवढी तोंडी. आणखी एक गोष्ट साक्षीदारांनी ध्यानात ठेवावी. फौजदारी खटल्यातला ‘वाजवी संशयापलीकडे’ हा दंडक येथे लागत नाही. पुण्यातील एका दाम्पत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये स्पष्ट केले, की वैवाहिक दाव्यात कोणती बाजू अधिक संभवनीय एवढेच पाहावे. म्हणजे शेजारणीने ‘मी एवढेच ऐकले, पाहिले काही नाही’ असे प्रामाणिकपणे सांगितले, तरी त्याला वजन असते. पाहिल्याचे सोंग आणण्याची गरज नाही.

धर्मगुरूंना साक्षीला बोलावले तर? नोंदवही दाखवणे, लग्न झाल्याचे सांगणे, यात अडचण नाही. परंतु प्रायश्चित्त संस्कारात कानी पडलेले सांगण्यास चर्चचा कायदा त्यांना अपात्रच ठरवतो. पापनिवेदन करणाऱ्याने स्वतः परवानगी दिली तरीही. आपल्या देशाच्या पुराव्याच्या कायद्यात वकील आणि अशील यांच्यातील गुप्ततेला संरक्षण आहे, पतिपत्नींच्या संभाषणाला आहे. धर्मगुरूंच्या या मौनाला स्वतंत्र कलम नाही. प्रागचे संत जॉन नेपोमुक यांची आठवण येथे होणे साहजिक आहे. राजा वेन्सेस्लास याला राणीच्या पापनिवेदनात काय होते ते हवे होते, फादरांनी तोंड उघडले नाही, म्हणून १३९३ मध्ये त्यांना नदीत बुडवले, अशी परंपरा. इतिहासकार त्यामागे एका मठाधिपतीच्या नेमणुकीचा तंटा दाखवतात. १७२९ मध्ये त्यांना संतपद मिळाले, तोवर लोकांनी मात्र एका संशयी नवऱ्याच्या चौकशीपुढे गप्प राहिलेला साक्षीदार म्हणूनच त्यांना मनात घर दिले होते.

पतिपत्नींच्या संभाषणाला संरक्षण आहे असे वर म्हटले, त्याला एक मोठा अपवाद आहे : परस्परांविरुद्धच्या दाव्यात ते लागू होत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच अपवादावर बोट ठेवून असे ठरवले, की पतीने पत्नीच्या नकळत मुद्रित केलेले दूरध्वनीवरील संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकते. कायद्याचे तर्कशास्त्र आम्ही मान्य करतो. ज्या घरात पाळत ठेवण्यापर्यंत वेळ आली तेथे विश्वास आधीच गेलेला असतो, हेही खरे. तरी इझाबेलाची दैनंदिनी आठवल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच, की इझाबेला निदान स्वतःच्या हाताने लिहीत होती.

आता आपल्या लोकांना फार गोंधळात टाकणारी बाब. धर्मन्यायालयाने विवाह मुळात अवैध होता असा निर्णय दिला, तरी सरकारदरबारी तो विवाह कायमच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ मध्ये सांगितले आणि २०१७ मध्ये पुन्हा बजावले. उलटपक्षी दिवाणी घटस्फोटाने चर्चमध्ये पुनर्विवाहाची मोकळीक मिळत नाही. त्यामुळे एकाच कुटुंबातील माणसांना दोन ठिकाणी साक्ष द्यावी लागते, आणि दोन्हीकडचे प्रश्न निराळे असतात. दिवाणी न्यायालय विचारते : लग्नानंतर काय घडले? धर्मन्यायालय विचारते : लग्नाच्या दिवशी त्या दोघांच्या मनात काय होते? संमती मोकळी होती का, मुलीवर दडपण होते का, आजार लपवला होता का, मूल नकोच असे आधीपासून ठरले होते का? म्हणून तेथे मारझोड पाहणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा साखरपुड्याच्या आधीच्या दिवसांत मुलीने जिच्यापाशी मन मोकळे केले ती मैत्रीण अधिक मोलाची ठरते. पुष्कळदा हीच मैत्रीण पुढे येत नाही. तिला वाटते, आपल्याला तर लग्नानंतरचे काहीच माहीत नाही.

ज्यांना बोलावणे येईल त्यांच्यासाठी तेथील रीत सांगतो. साक्षीदाराला एकट्यालाच आत घेतात. पती किंवा पत्नी समोर बसलेली नसते. शपथ होते. आपण कोण, पक्षकारांशी नाते काय, आणि जे सांगत आहात ते केव्हा व कोणाकडून कळले, हे आधी विचारतात, कारण खटला उभा राहण्यापूर्वी कळलेली गोष्ट आणि नंतर ऐकलेली गोष्ट यांचे वजन सारखे नसते. प्रश्न आधी कळवत नाहीत. शेवटी लिहून घेतलेले वाचून दाखवतात. चुकले असेल तर दुरुस्त करता येते, मग सही. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली रोजी मागण्याचा हक्कही साक्षीदाराला संहितेने दिला आहे.

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सुटसुटीत केली. दोन निकालांची अट गेली, आणि पतिपत्नींचे स्वतःचे निवेदन, त्यांच्या सचोटीविषयी सांगणाऱ्या साक्षीदारांचा आधार असेल आणि त्याला छेद देणारे काही नसेल, तर पूर्ण पुरावा म्हणून धरता येईल असे ठरले. जुन्या सप्तहस्तातले ते शेजारी पुन्हा दारात आले आहेत. आता सात जण लागत नाहीत. बंद खोलीत काय घडले, हे त्यांना कोणी विचारणार नाही. ज्या मुलीला त्यांनी लहानपणापासून पाहिले ती खोटे बोलणारी आहे की नाही, एवढेच त्यांनी येऊन सांगायचे आहे.